दहाव्या मिनिटाला

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे मोजून अकरा आठवडे.
बाकी बर्फ, नाहीतर बर्फाची वाट.
म्हणून जून लागला की माझ्या शेडसमोर रांग:
मॉवर, ट्रिमर, एखादी लाकूडतोडी करवत,
सगळ्यांची तक्रार एकच, काल तर चालत होतं.
काल म्हणजे ऑक्टोबर.

मी आधी टाकीचं झाकण उघडून वास घेते.
ताजं पेट्रोल नाकात झणझणतं.
हिवाळाभर पडून राहिलेलं
जुन्या कपाटासारखं, वॉर्निशसारखं येतं.
लोक शपथेवर सांगतात, परवाच भरलंय.
सांगू देत.

मग कार्बुरेटरची वाटी सोडवते.
तळाशी हिरवट साय,
आणि पेट्रोलखाली बुडी मारून बसलेलं पाणी.
मुख्य जेटचं भोक एवढं बारीक
की सुईसुद्धा तिथे धसमुसळी ठरते.
तिथे तांब्याच्या तारेचा एक केस.
तांबं पितळेला ओरखडत नाही,
हे आजोबांचं सांगणं. ते इथल्याच खाणीत होते.
खाणीत आता पाणी भरलंय
आणि तारेची गुंडाळी अजून सरत नाही.

मंगळवारी वॉल्फ्रिड निस्काला तिसऱ्यांदा आले,
वय ब्याऐंशी, शर्टाचं वरचं बटण लावलेलं.
"दहा मिनिटं चालतं. मग उचक्या. मग बंद.
अर्ध्या तासानं पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही."
मी दोनदा कार्बुरेटर धुतला होता.
फ्लोटची सुई बदलली, गॅस्केट बदललं, प्लग बदलला,
दोन्हीदा बिल घेतलं.
आणि दोन्हीदा माझ्या शेडमध्ये ते झकास चाललं होतं
कारण मी चारच मिनिटं चालवलं होतं.

या वेळी ते गेले नाहीत.
बादली उपडी घालून बसले, हातात घड्याळ.
सात. आठ.
नवव्या मिनिटाला आवाज पातळ झाला,
दहाव्याला खोकला, आणि मग
समोरच्या बर्चवरचा पक्षी एकदम ऐकू आला.
सवयीनं माझा हात स्क्रूकडे गेला.
का कोण जाणे, तिथून उठून झाकणाकडे वळला.
अर्धा आटा फिरवला.

स्स्स.

टाकीनं आत ओढून घेतला तो श्वास
दोघांनीही ऐकला.
दोरी ओढली. पहिल्याच हिसक्याला सुरू.

त्यांनी झाकण माझ्या हातून घेतलं,
आभाळासमोर धरलं, एक डोळा मिटला.
हवेच्या भोकातून आभाळ दिसेना.
कुंभारणीनं ते मातीनं लिंपून टाकलं होतं,
नीट, बोट फिरवल्यासारखं.
पेट्रोल खाली उतरायचं, वर हवा यायची नाही,
टाकी आतल्या आत चोखत राहायची.
"निर्वात," ते म्हणाले,
आणि त्यांचे कान लाल झाले.

नववीत त्यांनी आम्हाला पत्र्याचा डबा दाखवला होता.
आत थोडं पाणी उकळायचं, बूच घट्ट लावायचं,
वर गार पाणी ओतायचं, की डबा चुरगळतो.
मागच्या बाकावर बोलले म्हणून मी वर्गाबाहेर होते.
मी तो डबा पाहिला नाही,
नुसता ऐकला. दाराआडून. धाडकन्.
हे मी त्यांना सांगितलं
तारेच्या केसानं माती टोकरता टोकरता.

"मला आठवत नाही," ते म्हणाले.
"मी बऱ्याच जणांना बाहेर काढलं."
मी आधीची दोन बिलं परत करू लागले
तर त्यांनी एकच घेतलं, दुसरं ठेव म्हणाले,
धुणं तर झालंच ना.

आज शुक्रवार.
बाहेर तीन मॉवर आणि एक चिडलेली बाई.
निस्काला थिनरचा चौकोनी डबा घेऊन आलेत,
दहादा विसळलेला, पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलेला,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
शेगडी माझी.
बाईला म्हटलं, थांबा थोडं.
पाण्याला अजून उकळी यायचीय.